मदत हवी आहे: पिकअपचा ब्रेक लागंना, अर्जंट

द्राक्षवाला_तासगाव: नमस्कार मंडळी. आमच्या पिकअपचा ब्रेक नीट लागत नाहीये. पुढचे पॅड, मागचे लायनर सगळं नवीन टाकलं, ब्रेक ऑइल बदललं, एअर काढून घेतली, तरी तेच. मिस्त्री म्हणतोय आता मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पुढं ढकलतो तो) बदलू, म्हणजे परत खर्च. गुरुवारी माल भरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचंय, व्यापारी थांबणार नाही. कुणाला असं झालंय का, लवकर सांगा.

मिरजकर_७: लागत नाही म्हणजे नेमकं काय होतंय? पेडल खाली जातं का घट्ट लागतं? रिकाम्या गाडीला पण होतं का लोडवरच? मॉडेल कितवं? एवढं तरी लिहा की राव.

डिझेलमामा: मास्टर सिलेंडरच. माझ्या गाडीला सेम झालं होतं, सिग्नलला पाय ठेवला की पेडल हळूहळू खाली बसायचं. आतले रबर गेले की ऑइल बाहेर कुठं दिसत नाही, आतल्या आत मागं सरकतं. आणि नुसतं रबरांचं किट टाकत बसू नका, अख्खा सिलेंडरच टाका, बोअरला ओरखडे असले तर नवीन रबर पण टिकत नाही.

मिरजकर_७: मामा, त्यांचं पेडल बसतंय का नाही हे त्यांनी अजून सांगितलं पण नाही.

द्राक्षवाला_तासगाव: दीड टनी डिझेल पिकअप, बीएस फोर, 2018 ची. ब्रेक लागत नाही म्हणजे दाबला तर गाडी थांबत नाही, अजून काय सांगू.

वाहतूक_कराड: हवेच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडत जावा. टाकीत पाणी साचलं की व्हॉल्व खराब होतात, ड्रायव्हर लोक कंटाळा करतात आणि मग बोंबलत बसतात.

घाटमाथा: अहो पिकअपला हवेची टाकी कुठनं आली, ते तुमच्या हवेच्या ब्रेकवाल्या दहाचाकीला.

वाहतूक_कराड: माहितीसाठी सांगितलं. कुणाच्या तरी उपयोगी पडंल.

वाळवा_फिटर: दादा एक काम करा. गाडी बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, दगडासारखं घट्ट होईल. मग पाय तसाच दाबून धरा आणि स्टार्टर मारा. इंजिन सुरू झालं की पेडल थोडं खाली गेलं पाहिजे, गेलं तर बूस्टरला (व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम मिळतोय. नाही हललं तर मास्टर सिलेंडरला हात लावायची गरज नाही. आणि पाय ठेवल्यावर हळूहळू खाली बसतच गेलं तर मामा म्हणतात तसं असू शकतं. काय होतंय ते लिहा, मग बोलू.

द्राक्षवाला_तासगाव: बघितलं. पेडल हललं पण नाही. घट्टच लागतंय, पाय दुखतो पार. रेस दिली की जरा बरं वाटतं. पण बूस्टर महाग असतो हो, तो पण बदलायला लागणार का?

वाळवा_फिटर: हेच आधी लिहिलं असतं तर. बूस्टर लगेच नको. पेट्रोल गाडीला इंजिनच्या मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळतो, डिझेलला तो तसा मिळत नाही म्हणून वेगळा पंप असतो, आणि बऱ्याच पिकअपना तो अल्टरनेटरच्या मागंच बसवलेला असतो, इंजिन ऑइलची बारीक पाईप येते बघा त्याला. इतक्यात अल्टरनेटर उघडला होता का?

द्राक्षवाला_तासगाव: दिवाळीनंतर बदललाय, चार्जिंग होत नव्हती, बॅटरीचा दिवा लागायचा. वायरमनने रिपेअर केलेला बसवला. पण त्याचा ब्रेकशी काय संबंध?

मिरजकर_७: आणि ब्रेक कधीपासून घट्ट झाला?

द्राक्षवाला_तासगाव: त्याच सुमारास म्हणा की.

डिझेलमामा: योगायोग असतो. माझं मत मास्टर सिलेंडर.

घाटमाथा: मामा, सिलेंडर गेला की पेडल खाली जातं, यांचं वर घट्ट आहे, सरळ उलटं आहे. आणि दादा, असल्या ब्रेकवर लोड घेऊन कुंभार्ली उतरू नका, हात जोडतो. तिथं काही लोक डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून, काही तर इंजिन बंद करून उतरतात. बंद इंजिनला बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा दाबण्याइतकाच व्हॅक्यूम उरतो, पुढं सगळा जोर तुमच्या पायाचा.

शेती_सांगली: न्यूट्रलला ॲव्हरेज वाढतं हे खरंच आहे पण.

घाटमाथा: कॉमनरेल इंजिन (आताची कॉम्प्युटरवाली डिझेल) गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर डिझेल बंदच करतं. न्यूट्रलला आयडलिंगचं डिझेल जातंच, वर इंजिनचा अडसर पण जातो. म्हणजे डिझेल घालून ब्रेक तापवायचे.

शेती_सांगली: बरं. बेदाण्याचा भाव काय चाललाय तासगावला?

वाळवा_फिटर: भाव नंतर. दादा, इंजिन चालू ठेवून बूस्टरची पाईप काढा आणि तोंडावर बोट धरा, बोट चांगलं ओढलं गेलं पाहिजे. ओढ नसली तर पंपापाशी पाईप काढून तिथं बोट धरा. पंपाला ओढ आहे आणि बूस्टरला नाही म्हणजे पाईप फुटलीय नाहीतर वनवे व्हॉल्व गेलाय, हे काम स्वस्तातलं. पंपालाच ओढ नसली तर आतल्या पट्ट्या झिजल्यात, नाहीतर ऑइल पोचत नाही. फॅनबेल्टपासून हात लांब ठेवा, बाह्या वर करा.

द्राक्षवाला_तासगाव: पंपापाशी धरलं बोट. नावाला ओढतंय, फुंकर मारल्यावानी. पाईप धड आहे, ऑइल येतंय. मिस्त्रीला दाखवलं तर म्हणाला मलाही तीच शंका होती! आता अल्टरनेटर उतरवतोय. गुरुवारचा माल मेव्हण्याच्या गाडीतून लावलाय.

डिझेलमामा: उघडलंच आहे तर मास्टर सिलेंडर पण एकदा बघून घ्या.

वाळवा_फिटर: वायरमनला सांगा पंपासकट चेक करूनच दे, नुसतं चार्जिंग बघून देतात. बसवताना पाईप जोडायच्या आधी पंपात थोडं इंजिन ऑइल सोडा, कोरडा फिरला तर नव्या पट्ट्या पण जातील. मग पहिली पेडलची टेस्ट परत करा, आणि डिपस्टिकवर इंजिन ऑइल किती आहे ते बघा.