मदत हवी आहे: पहिलं सिझर, दुसरी नॉर्मल करायची आहे

मी गुहागरची. बत्तिसावा आठवडा चालू आहे. 2021 मध्ये मुलगी पायाळू म्हणून सिझर झालं (आजी अजून म्हणते, ही विहिरीचं पाणी दाखवणार!). यावेळी बाळाचं डोकं खाली आहे. डॉक्टर म्हणतात, पिशवीवरचा छेद खालच्या बाजूला आडवा असेल तर प्रयत्न करता येईल. साधारण चारपैकी तिघींना जमतं. टाका उसवण्याचा धोका दोनशेत एखादीला, पण तसं झालं तर तातडीने ऑपरेशन लागतं.

अडचण इथेच. जुनं डिस्चार्ज कार्ड गळक्या माळ्यावर भिजलं, छेदाच्या ओळीवरच शाई पसरलीय. पोटावरची खूण आडवी आहे, पण त्यावरून आतलं कळत नाही म्हणे. जुन्या दवाखान्यातून ऑपरेशनच्या नोंदी कशा मागायच्या?

शिवाय तारीख ऐन जुलैतली. कळा सुरू झाल्यावर पावसात चिपळूण गाठायचं म्हणजे जीव मुठीत. आधीच तिथे खोली घेऊन राहिलेल्या कोणी आहात का? भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय रात्रीही असते का, हे डॉक्टरांना कसं विचारलंत?

सासूबाईंचं एकच, "कशाला विषाची परीक्षा?" त्यांना काय सांगू?