जिने दुखावले, तिच्याकडे देवाच्या दृष्टीने कसे पाहावे?

प्रश्न (एक भगिनी, नाशिक)

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. मनुष्य बाहेरचे स्वरूप पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो, या बायबलमधील पहिल्या शमुवेलाच्या 16व्या अध्यायातील वचनावर आमच्या पाळकांनी नुकताच संदेश दिला. तेव्हापासून दोन गोष्टी मनात घोळत आहेत. लहानपणी घरात माझ्या रंगावरून आणि अभ्यासावरून इतके ऐकून घेतले आहे की, देवाला आपण मोलवान आहोत हे संडे स्कूलच्या मुलांना मी मनापासून शिकवते, पण स्वतःविषयी ते पटत नाही. दुसरे असे की, सासरे अंथरुणाला खिळलेले असताना माझ्या जावेने त्यांची सही घेऊन घर आपल्या नावावर करून घेतले. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर घेण्याच्या विधीला, ती माझ्या पुढच्याच बाकावर असते, आणि भाकर हाती आली तरी माझी नजर तिच्या पाठीवरून हलत नाही. तिला देवाच्या दृष्टीने पाहायचे म्हणजे जे घडले ते घडलेच नाही असे धरायचे का?

उत्तर 1 (चर्चच्या मंडळीतील एक वडील, पुणे)

भगिनी, त्या अध्यायात ज्याची पारख चुकते तो प्रत्यक्ष शमुवेल संदेष्टा आहे, हे आपण वाचताना विसरतो. दाविदाचा थोरला भाऊ अलीयाब याची उंची पाहून हाच अभिषिक्त, म्हणजे देवाने निवडलेला राजा, असे त्याला वाटले, आणि ज्याला बापाने मेंढरांमागेच राहू दिले, त्या दाविदाला देवाने निवडले. घरच्यांनी तुमचे जे मोल ठरवले ते देवानेही मान्य केले, असे समजण्याचे काहीच कारण नाही.

पण त्याच दाविदाने पुढे आपल्या सैन्यातील उरीयाला मारवले, तेव्हा त्याचे पाप त्याला दाखवायला देवाने नाथान संदेष्ट्याला त्याच्याकडे पाठवले. हृदय पाहणारा देव पापाकडे काणाडोळा करत नाही. मार्काच्या 10व्या अध्यायातील श्रीमंत माणसाकडे येशूने निरखून पाहिले, त्याच्यावर प्रीती केली, आणि लगेच त्याच्यातली उणीव त्याला सांगितली. प्रीती आणि सत्य एकाच नजरेत होते. तुमच्या जावेने केलेला अन्याय देवाला तुमच्याइतकाच, किंबहुना अधिक स्पष्ट दिसतो. मात्र तिच्यात त्याला केवळ तो अन्यायच दिसतो असे नाही.

उत्तर 2 (एक शिक्षिका, दौंड तालुका)

मी पहिल्या प्रश्नाविषयी लिहिते, कारण तो घाईने बाजूला सारण्याजोगा नाही. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या व केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना आसरा दिला. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील उपासमारीतच गेले होते, त्यामुळे हाडांचे सापळे झालेल्या त्या मुली त्यांना परक्या वाटल्या नसाव्यात. त्यांना जेवू घालून त्या थांबल्या नाहीत, तर लिहायला-वाचायला शिकवून हाताला काम दिले. पुढे तिथे छापखाना चालला आणि अंध मुलींसाठी ब्रेलचे शिक्षणही सुरू झाले. ज्यांना समाजाने ओझे मानले त्यांच्याकडून इतकी अपेक्षा ठेवणे, हे मला देवाच्या दृष्टीने पाहणे वाटते. तुमच्या हाती मंडळीची मुले सोपवली आहेत, याचाही विचार करावा. ‘मी मोलवान आहे’ असे शंभरदा घोकण्यापेक्षा, आपल्यावर विश्वासाने टाकलेले काम मन लावून केल्याने ते अधिक पटत जाते, असा माझा अनुभव आहे.

उत्तर 3 (एक बंधू, वसई)

क्षमा करा आणि गप्प बसा, असा सल्ला तुम्हाला मंडळीत मिळेल; तो मला मान्य नाही. मत्तयाच्या 18व्या अध्यायात प्रभूने क्रम घालून दिला आहे: आधी एकांतात जाऊन अपराध दाखवावा, ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यावे, त्यानंतर मंडळीला सांगावे. तिथे उद्देश आपला बंधू परत मिळावा हा आहे, म्हणून घराविषयी बोलणे हे प्रीतीच्या विरुद्ध नाही. न बोलता दर रविवारी तिच्या पाठीकडे पाहत राहणे मात्र तुम्हा दोघींनाही जाचक आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची आभारी आहे. नाथानाचा दाखला मी या दृष्टीने कधी वाचला नव्हता. पुढील प्रभुभोजनापूर्वी जावेकडे जाण्याचे ठरवले आहे. यजमानांना तिच्याविषयी फार राग आहे. अशा वेळी पहिल्या भेटीला त्यांना बरोबर न्यावे, की वचनात सांगितल्याप्रमाणे एकटीनेच जावे?