अनुभव धागा: इंग्लंडमधलं बोर्डिंग सिक्स्थ फॉर्म आणि कलेचे विषय

नमस्कार मंडळी. जीसीएसई (सोळाव्या वर्षीची शालेय परीक्षा) झाल्यावरची दोन वर्षं, म्हणजे सिक्स्थ फॉर्म, घरी राहून करायची की बोर्डिंगला जायचं, हा घोळ सध्या इथल्या बऱ्याच मराठी घरांत चालू आहे. त्यातून मूल नाटक, चित्रकला, फिल्म असलं काही घेणार म्हटलं की सगळे नातेवाईक रातोरात शिक्षणतज्ज्ञ होतात. माझी मुलगी एका छोट्या खासगी शाळेत ही दोन वर्षं राहिली. तुम्ही, तुमची मुलं किंवा ओळखीतलं कुणी राहिलं असेल तर आतलं रोजचं जगणं कसं असतं ते लिहा. शाळांची नावं नकोत. माहितीपत्रकातली हिरवळ सगळ्यांनी पाहिलेली आहे.

सुरुवात मीच करते. कलेचे विषय म्हणजे अभ्यास कमी, हे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ए-लेव्हलला, म्हणजे या दोन वर्षांच्या शेवटच्या परीक्षेला, बहुतेक मुलं तीनच विषय घेतात, पण चित्रकला हा एकटा विषय घर व्यापतो. ६० टक्के गुण स्वतः निवडलेल्या विषयावरच्या कामाला. ते काम महिनोन्‌महिने चालतं, आणि त्यातच किमान हजार शब्दांचं लेखनही असतं. उरलेले ४० टक्के परीक्षा मंडळाच्या विषयाला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला कागद हातात पडतो, काही आठवडे तयारी, आणि शेवटी देखरेखीखाली १५ तास काम. हे तास काही दिवसांत विभागून देतात, तरी मुलं पिळून निघतात.

आणि गुण फक्त अंतिम चित्राला नसतात. कल्पना कुठून आली, काय करून पाहिलं, काय सोडून दिलं, हे सगळं स्केचबुकात दिसावं लागतं. आपल्याकडे सुबक वहीची सवय. लेकीने पहिल्या सत्रात फसलेली पानं फाडून टाकली होती. शिक्षिकेने ती कचऱ्यातून काढून परत चिकटवायला लावली. तेव्हापासून तिच्या खोडरबराला काम उरलं नाही.

बोर्डिंगचा खरा फायदा इथेच. स्टुडिओ रात्री जेवणानंतरही उघडा. घरी असती तर आमच्या जेवणाच्या टेबलावर टर्पेंटाइनचा वास आणि वर माझी कटकट.

नाटकवाली, आता युनिव्हर्सिटीत

ताई, माझं उलट. मला एकांत हवा होता आणि तो कुठेच नव्हता. नाटकाच्या ए-लेव्हलला गटाने स्वतः प्रयोग रचायचा असतो, तोही एखाद्या रंगकर्मीची पद्धत धरून. आम्ही ब्रेख्त हा जर्मन नाटककार घेतला. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, ‘अगं, विजयाबाई मेहतांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झबरोबर ब्रेख्त कधीच मराठीत आणलाय!’ मग तासभर तमाशातलं गण-गवळण, वग, मध्येच प्रेक्षकांशी बोलणारा सोंगाड्या, असं सगळं ऐकावं लागलं. ते दुसऱ्या दिवशी गटात सांगितलं आणि आमच्या प्रयोगात एक सोंगाड्या आला. केंटचा मुलगा होता, झकास केला त्याने.

पण तालमीत भांडणंही भरपूर. रोज घरून जायच्या शाळेत भांडून घरी जाता येतं. इथे रात्री ज्याला ‘तुला टायमिंगच नाही’ म्हटलं, सकाळी त्याच्याच शेजारी बसून टोस्ट खायचा. पहिलं सत्र मला हे फार जड गेलं. पुढे जमलं, कसं ते सांगता येणार नाही.

बाकी दिनक्रम साधा: सकाळी हजेरी, तास, दुपारी खेळ किंवा तालीम, जेवण, मग ‘प्रेप’, म्हणजे खोलीत बसून अभ्यास. गावात जायचं तर नाव लिहून. रविवार अंगावर येतो. जेवणात वरण-भात शोधू नका.

पैसे भरणारा बाप

सगळं खरं, पण आकड्यांचं बोला. पूर्ण बोर्डिंग बहुतेक ठिकाणी वर्षाला ४०,००० पौंडांच्या पुढे. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅटही लागला. स्कॉलरशिप हा शब्द ऐकून हुरळू नका, काही ठिकाणी फीमधली सूट नाममात्र असते. खरा आधार बर्सरीचा, म्हणजे गरज पाहून मिळणाऱ्या फीसवलतीचा. तिच्यासाठी घरचं उत्पन्न तपासतात. अर्ज वर्षभर आधी करा.

क्रॉयडनवरून

वरच्या दादांना +१. माझ्या भाच्याने इथलं ब्रिट स्कूल, म्हणजे कलेचं सरकारी खर्चाचं स्कूल, केलं. १९९१ पासून आहे, फी शून्य, प्रवेशाला मात्र चुरस. तिथे बोर्डिंग नाही, रोज ट्रेनने जायचा. कला शिकायला बोर्डिंग लागतंच असं नाही, एवढंच म्हणणं.

बोर्डिंग हाउसमध्ये काम करणारी

मी मुलींच्या हाउसमध्ये, म्हणजे शाळेच्या वसतिगृहात, आहे, म्हणून पलीकडून लिहिते. सप्टेंबरात रडणाऱ्या मुलींची मला काळजी वाटत नाही. नोव्हेंबरात गप्प होणाऱ्यांची वाटते. चारलाच अंधार पडतो, नव्याची नवलाई संपलेली असते, आणि त्याच सुमारास युनिव्हर्सिटीच्या अर्जांची घाई. कलेच्या मुलांना वर पोर्टफोलिओ किंवा ऑडिशन. अशा वेळी घरच्यांनी रोज ‘मार्क किती?’ विचारू नये. जेवलीस का विचारा, पुरे.

आणखी एक. शाळेबाहेरच्या एका तटस्थ व्यक्तीचा नंबर मुलांना माहीत असणं बोर्डिंगच्या नियमांतच आहे. भेट द्याल तेव्हा तो नंबर कुठे लावलाय ते कुठल्याही मुलाला विचारा. पटकन दाखवता आला नाही तर मुख्याध्यापकांचं भाषण मनावर घेऊ नका.

पुण्याहून, मुलगा तिकडे

भारतातून पाठवणाऱ्यांसाठी. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना शाळेसाठी सहसा चाइल्ड स्टुडंट व्हिसा घ्यावा लागतो आणि त्यासाठी शाळेकडे स्पॉन्सर परवाना (परदेशी विद्यार्थी घेण्याची सरकारी परवानगी) हवा. सरकारी शाळा या व्हिसासाठी स्पॉन्सर होऊ शकत नाहीत, म्हणून क्रॉयडनवाल्यांचा सल्ला आम्हाला लागू नाही. मुलासाठी तिकडे गार्डियनही (स्थानिक पालक) लागतो, कारण हाफ टर्मला (सत्राच्या मधल्या सुट्टीत) आणि एक्झिएटच्या, म्हणजे घरी जायच्या, शनिवार-रविवारी बऱ्याच शाळा हाउस बंद करतात. आमचे गार्डियन म्हणजे लेस्टरची माझी मामेबहीण. दिवाळी बहुतेकदा ऑक्टोबरच्या हाफ टर्मच्या आसपास येते, त्यामुळे चिरंजीवांचं अभ्यंगस्नान तिच्याकडे होतं आणि परतताना डबाभर चकल्या. त्या हाउसमध्ये दहा मिनिटंही टिकत नाहीत.

प्रश्न: फाउंडेशन कोर्स करावाच लागतो का? मुलगा म्हणतो सगळे करतात.

धागाकर्ती

सगळे नाही, दादा, पण चित्र-डिझाइनवाले बरेच करतात. ए-लेव्हलनंतरचं एक वर्ष. त्यात फॅशन, शिल्प, ग्राफिक्स सगळ्यात हात घालून मग पदवीचा विषय ठरतो. काही युनिव्हर्सिटी थेटही घेतात, त्या-त्या कोर्सच्या अटी पाहा. वर्ष वाया जातं म्हणून आमच्याकडेही आजोबा रुसले होते. लेकीचं मात्र चित्रकलेवरून कापडावर आलं ते त्याच वर्षात.

आणि सामानात उदबत्ती देऊ नका. आमच्या बाईसाहेबांनी गणेश चतुर्थीला खोलीत लावली, धुराचा अलार्म वाजला, आणि अख्खं हाउस पायजम्यात मैदानावर.