मदत हवी: मीटिंगमध्ये मागाचा आवाज जातोय, काय करू?

वडगावचा_पोरगा:
अर्जंट आहे. रोज १० ला कॉल. म्यूट काढलं की तिकडनं "काय आवाज आहे हा?" काल लीडनं सगळ्यांसमोर मलाच म्यूट केलं. दार-खिडकी लावून झालं. सांगा की काहीतरी.

कॅम्प_कट्टा:
ॲप कुठलं? माइक कुठला? माग म्हणजे पॉवरलूम काय?

खानापूर_रानवाट:
झूमवर फुकटात ४० मिनिटंच मिळतात, तेवढं ध्यानात ठेवा. मीटवर तिघं-चौघं असले तर ६०.

कॅम्प_कट्टा:
वेळेचं विचारलंय कुणी?

वडगावचा_पोरगा:
वडगावात दुसरा कुठला माग असणार! भिंतीला भिंत लागून शेजारच्या काकांचे चार आहेत. टीम्स, कंपनीचा लॅपटॉप, कानात बड्स.

निपाणीकर:
बड्स काढा आधी. माइक तोंडापासून लांब, मग तुमच्यापेक्षा मागाचा धोटाच जास्त ऐकू येणार. तोंडासमोर दांडी येणारा वायरचा हेडसेट घ्या. जत्रेच्या कर्ण्याखाली बसून कॉल काढलेत मी.

शहापूर_साडी:
नुसत्या हेडसेटनं भागत नाही हो, आमच्या घरातच माग आहेत. टीम्सच्या सेटिंगमध्ये नॉइज सप्रेशन बघा. पंख्याची घरघर ते सहज कापतं, मागाची खटखट थोडी उरतेच. तिथंच 'व्हॉइस आयसोलेशन' दिसलं तर लावा. एकदा आपला आवाज रेकॉर्ड करून द्यायचा, मग बाकीचे आवाज गाळतं. कंपनीनं बंद ठेवलं असेल तर दिसणार नाही. आणि म्यूटवरच बसा. कंट्रोल-स्पेस दाबून धरलं तेवढाच वेळ माइक चालू राहतो.

निपाणीकर:
माइकच भिकार असेल तर सॉफ्टवेअर काय करणार?

टिळकवाडी_आजोबा:
लीडला आधीच दोन ओळी लिही बाळ. शेजारी माग आहेत, अपडेट चॅटवर टाकतो, विचारलंत तर बोलतो. त्याला वाटत असेल पोरगा कारखान्यातनं बोलतोय. काकांना मात्र थांबवायला लावू नकोस, त्यांचं पण ते ऑफिसच.

खानापूर_रानवाट:
बेळगावात लाइट गेली की बोलून घ्यायचं. माग बंद!

वडगावचा_पोरगा:
वायफाय पण बंद होतं ना!

खानापूर_रानवाट:
राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो की.

अथणी_एक्सप्रेस:
बेळगाव नाही, बेळगावी. २०१४ पासून.

कॅम्प_कट्टा:
कागदावर. आम्ही बेळगावच म्हणणार. धागा भरकटवू नका.

वडगावचा_पोरगा:
आयसोलेशन दिसत नाही. लीडला लिहिलं, "ओके" आलंय. निपाणीकर, तो हेडसेट गणपत गल्लीत मिळेल काय?

निपाणीकर:
लॅपटॉपला गोल जॅक आहे का नुसतं यूएसबी, ते सांगा आधी.