दुःखात ‘जागे राहा’ म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

प्रश्न:
सलाम. दुःख असह्य झालं की माणूस मोबाइल, मालिका, दारू नाहीतर नुसत्या झोपेत स्वतःला बुडवतो. येशूचा शिष्य पेत्र मात्र बायबलमधल्या आपल्या पत्रात म्हणतो, सावध असा, जागे राहा (१ पेत्र ५:८). थकलेल्या माणसाने हे पाळायचं कसं? आणि डॉक्टरांनी दिलेली नैराश्याची गोळी घेणं यात बसतं का?

उत्तर १:
आठव्याआधी सातवं वचन वाचा: सगळी चिंता त्याच्यावर, म्हणजे देवावर, टाका. ओझं उतरवल्याशिवाय पहारा जमत नाही. मूळ ग्रीक ‘नेफो’ म्हणजे नशेत नसणं, शुद्धीवर असणं. दुःखच होऊ नये, असं त्यात कुठेही नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूचा जीव मरणप्राय खिन्न होता, तरी तो जागा होता. शिष्य झोपले ते दुःखामुळे, असं शुभवर्तमानात लूक स्पष्ट लिहितो (२२:४५). त्यामुळे झोप लागली म्हणून स्वतःला झोडपत बसू नका.

उत्तर २:
बायबलमधलं स्तोत्र १३ धरा, सहाच वचनं आहेत. १-२ तक्रार, ३-४ मागणी, ५-६ भरवसा. रात्री दहा-पंधरा मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. वहीत लिहा: आज कशापासून पळालो, किती वाजता, कशात लपलो. ‘मन बरं नव्हतं’ असं मोघम नको. ‘भावाने फोन उचलला नाही याचा राग आला’ असं नेमकं. मग एकच मागणी, एका वाक्यात.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: तक्रार गिळून थेट पाचव्या वचनावर उडी. ‘देवाची इच्छा’ म्हणून विषय मिटवणं हीसुद्धा भूलच. भरवसा आला नाही तर खोटा लिहू नका. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते प्रार्थनाच आहे. पंधरा मिनिटांनी वही मिटा, नाहीतर तेच तेच उगाळणं सुरू होतं.

उत्तर ३:
गोळीबद्दल. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही, दोनदा उठवून खाऊ-पिऊ घातलं (१ राजे १९). वधस्तंभावर खिळण्याआधी येशूने वेदना बधिर करणारा, बोळ (एक कडू डिंक) मिसळलेला द्राक्षारस नाकारला (मार्क १५:२३), हे वचन औषधाविरुद्ध वापरणं चूक आहे; प्रेषित पौल आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायलाच सांगतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद करू नका. एकदम सोडली तर चक्कर, निद्रानाश होऊ शकतो, आजारही उलटतो. कसोटी अशी: घेतल्यावर माणसांशी बोलणं, काम, प्रार्थना हळूहळू जमू लागते का? की सगळं टळतं आणि मात्रा आपणच वाढवतो? मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा, एकटे राहू नका.

प्रश्नकर्ता:
आभार. मंडळीच्या (चर्चच्या) कामात सतत गुंतून राहणं कशात मोडतं?

उत्तर २:
काम थांबल्यावरची शांतता सोसवत नसेल, तर पळण्यातच. आठवड्यातली एक संध्याकाळ सेवेविना ठेवा. आणि गेथशेमानेत येशूने पेत्र, याकोब, योहान या शिष्यांना जवळ थांबायला सांगितलं, तसं कोणाला तरी सांगून ठेवा: दर आठवड्याला मला विचार, या वेळी कशात लपलास?