पोर्तुगीज भारताची तिकिटे : आरंभ कुठून करावा?

गोव्याच्या पोर्तुगीजकालीन तिकिटांचा संग्रह १८७१ च्या पहिल्या मालिकेपासून सुरू करावा, या सूचनेशी मी नवोदितांपुरता सहमत नाही. ती तिकिटे गोव्यातच, ओबडधोबड ठशांनी छापलेली असल्याने त्यांचे असंख्य बारीक प्रकार आहेत, आणि बनावट प्रतीही पुष्कळ आढळतात. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्याचे चलन ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाशी जोडले गेले आणि जुन्या तिकिटांवर नव्या किमती छापून ती वापरात आणली गेली. हा माझ्या मते या संग्रहातील सर्वांत रसाळ भाग असला, तरी त्या छापांच्याही नकला होत असल्याने महागडी प्रत जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय मुळीच विकत घेऊ नये.

त्याऐवजी १९३१ ची सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्यावरील मालिका घ्यावी, किंवा रुपया-टांगा हे जुने चलन जाऊन एस्कुदो हे पोर्तुगीज चलन आल्यावर १९५९ मध्ये नव्या किमती छापलेली तिकिटे घ्यावीत. आणि शिक्क्यातील गावाचे नाव व तारीख स्पष्ट वाचता येणारा जुना लिफाफा मिळाला, तर त्यावरचे तिकीट पाण्यात भिजवून कधीही सोडवू नये, कारण पत्राचा प्रवास सांगणारा पुरावा त्या लिफाफ्यावरच असतो.