प्रश्नमंजूषेतला सातवा प्रश्न

(सोसायटीचा ग्रुप, रविवार संध्याकाळ)

सेक्रेटरी: सर्व सभासदांना सूचना. वरच्या टाकीची सफाई झाली आहे. पाणी साडेसहानंतर सोडण्यात येईल. तोपर्यंत कृपया गीझर लावू नयेत.

ए-३०२ सांस्कृतिक: या सूचनेखाली माझा मेसेज गाडला जाईल म्हणून परत टाकतेय. गणपतीतल्या प्रश्नमंजूषेची नाटक-सिनेमा फेरी तयार आहे. सातवा प्रश्न जरा बघा. "चिमणराव, तात्या विंचू, आबा टिपरे आणि 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी, या चौघांत समान काय?" फार सोपा होतोय का?

बी-२०३ काका: अगदीच. शाळेतलं पोरही सांगेल.

डी-५०१ (धाकटा): काही समान नाही. एक बाहुला आहे, एक गांधीजी आहेत. बाकीचे दोघं कोण?

बी-२०३ काका: घ्या.

ए-३०२ सांस्कृतिक: अरे बाळा, दिलीप प्रभावळकर. चौघंही तेच.

डी-५०१ (धाकटा): काकू, फॉरवर्ड आलेलं सगळं खरं नसतं.

डी-५०१ (आई): माफ करा हं ताई. हा माझ्या शेजारी बसूनच टाइप करतोय. फोन काढून घेते.

ए-३०२ सांस्कृतिक: अहो राहू द्या. हेच वाक्य मी त्याला आठवड्यातून दोनदा ऐकवते, आज परत आलं.

डी-५०१ (धाकटा): शोधलं. खरं आहे. सॉरी काकू. पण मग ती मेकअपची कमाल म्हणायची ना? त्यांची काय?

बी-१०१ आजी: मेकअप? अरे, १९७७-७८च्या सुमाराला आमच्या चाळीत एकच टीव्ही होता, काळा-पांढरा. चिमणराव लागला की खोलीत चप्पल ठेवायला जागा नसायची. चिं. वि. जोशींची पुस्तकं माझ्या वडिलांनी वाचून वाचून खिळखिळी केली होती. ते आधी म्हणाले, टीव्हीवाले वाट लावणार. पहिला भाग बघून गप्प बसले. दुसऱ्याला सगळ्यांच्या आधी जाऊन पुढची जागा धरली. टोपी, कोट आणि ते बावरलेले डोळे. त्यात मेकअप तो किती असणार!

बी-२०३ काका: आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. ऑगस्ट २०२५मध्ये गेले, ९५ वर्षांचे होऊन. गुंड्याभाऊ नसता तर चिमणरावाला घाबरायचं कोणाला आणि लपायचं कोणाच्या मागे!

मेडिकलवाले (दुकान नं. ३): प्रभावळकर आमच्या लाइनचे बरं का. औषध कंपनीत नोकरी करत होते. नोकरी सांभाळून नाटक केलं त्यांनी.

बी-२०३ काका: तुम्ही दुकान सांभाळून उधारी वसूल करता तसं.

मेडिकलवाले (दुकान नं. ३): तुमचं मागच्या महिन्याचं बिल पाठवू का ग्रुपवर?

ए-६०१ दादा: मी त्या पोराची बाजू घेतो. थोडं खरं आहे त्याचं. एकाच नटाने गांधी केले आणि भूतही केलं म्हणून टाळ्या वाजवायच्या, तर हे वेशांतर झालं. बहुरूपीही करतो की. नट मोठा कशावरून ठरवायचा?

बी-१०१ आजी: तू 'हसवाफसवी' पाहिलंयस?

ए-६०१ दादा: पुष्कर श्रोत्रींचं पाहिलं.

बी-१०१ आजी: ते नंतरचं, तेही छानच होतं. पण आधी स्वतः प्रभावळकर करायचे. लिहिलेलंही त्यांनीच. एका नाटकात सहा माणसं. तिकिटासाठी आमचे हे दोनदा हात हलवत परत आले होते. आता ऐक. एक आत गेला की थोड्या वेळात दुसरा बाहेर यायचा. तेवढ्यात मेकअप करून करून किती करणार? विग, कपडे, चष्मा, बस्स. बाकी सगळं चालण्यात आणि आवाजात. प्रिन्स वांटुंग पिंटो आला की माणसं खुर्चीतून घसरायची. दीप्तीच्या वेळी माझ्या शेजारची बाई म्हणाली, 'ही कोण नवीन मुलगी?' आणि शेवटी ते कृष्णराव हेरंबकर, संगीत नाटकातले जुने नट, थकलेले. मघाशी पोट धरून हसणारं थेटर तिथे इतकं चिडीचूप झालं की मला माझ्या पर्सची चेन उघडायची लाज वाटली. रुमाल हवा होता.

ए-६०१ दादा: आजी, 🙏

डी-५०१ (आई): मी सांगू? मला 'चौकट राजा'चा नंदू परत बघवत नाही. १९९१चा सिनेमा. लहानपणीच्या अपघाताने मनाने मूलच राहिलेला मोठा माणूस. आमच्याकडे माझा मामेभाऊ तसा होता. घरी आलेले पाहुणे एकतर त्याला हसायचे, नाहीतर 'बिचारा' म्हणायचे. सिनेमा बघून आल्यावर मामी एवढंच म्हणाली, याने त्याला बिचारा नाही केला.

बी-२०३ काका: त्याच्याच आगेमागे दळवींचं 'नातीगोती'. तिथे ते मतिमंद मुलाचे वडील आणि मुलगा अतुल परचुरे. म्हणजे नाटकात तशा मुलाचा बाप आणि पडद्यावर स्वतः तो मुलगा. दादा, बहुरूप्याला दोन्ही बाजू अशा माहीत असतात का हो?

ए-६०१ दादा: बरं काका, शब्द मागे. पण तुम्हा सगळ्यांची एक गंमत बघा. इतका वेळ झाला, प्रभावळकर कसे दिसतात, कसे हसतात, कसे बोलतात, यावर कोणी एक अक्षर लिहिलेलं नाही. बाकीच्या नटांची आपण नक्कल करतो. लक्ष्याची करतो, अशोकमामांची करतो. यांची नक्कल करून दाखवा कोणीतरी. चिमणरावाची होईल, तात्याची होईल. यांची नाहीच होणार.

ए-३०२ सांस्कृतिक: हे मात्र आवडलं. गणपतीत नकलांची फेरी ठेवणार होते, आता त्यात यांचं नाव टाकू की नको?

सी-४०२ मालवणी काका: मी आताच उघडलो ग्रुप. 'दशावतार'चो विषय कोणीच काढूक नाय? त्या बाबुली मेस्त्रीक विसरलास?

बी-२०३ काका: काढा तुम्ही. मराठीत काढा मात्र.

सी-४०२ मालवणी काका: हीसुद्धा मराठीच. बरं. २०२५ साली तो पिक्चर आला तेव्हा मी आधी नाक मुरडलं होतं. मुंबईचा ८१ वर्षांचा नट दशावतारी काय करणार? आमच्या गावच्या जत्रेत मी लहानपणापासून धयकालो, म्हणजे दशावतारी नाटक, बघतोय. देवळाच्या पुढ्यात रात्रभर चालतो. लिहिलेली संहिता नसते, कथा ठरवायची आणि संवाद उभ्या उभ्या बोलायचे. रंग ज्याचा त्याने लावायचा. दिवसा शेतात राबलेला माणूस पेटाऱ्यातून लुगडं काढतो आणि तासाभरात त्याची राणी होते. तर मी नेमकं तेच बघायला गेलो, की याला नेसता येतं का, हात कसा फिरतो. आणि खरं सांगतो, पहिल्या पाच मिनिटांनंतर बघायचं विसरलो. आमच्या वाडीतला एक म्हातारा दशावतारी होता, त्याची पाठ रंग पुसल्यावर जशी वाकायची तशीच यांची वाकली होती.

डी-५०१ (धाकटा): म्हणजे ते आधीपासूनच दशावतारी होते. राजा, राणी, राक्षस सगळं एकटाच.

सी-४०२ मालवणी काका: शाब्बास रे झिला.

ए-६०१ दादा: राक्षसावरून आठवलं. दूरदर्शनच्या 'साळसूद'मध्ये तेच खलनायक होते. आई म्हणायची, याला घरात घ्यायचा नाही. चिमणरावाला म्हणे घरात घ्यायचा नाही!

डी-५०१ (धाकटा): मी 'अलबत्या गलबत्या' पाहिलंय. चेटकीण वैभव मांगले होते. ते नाही ना यांनी केलं?

बी-१०१ आजी: बाळा, मतकरींच्या मूळच्या नाटकात चेटकीण कोण होतं ते शोध आता.

डी-५०१ (धाकटा): नाही.

डी-५०१ (धाकटा): नाही!!

डी-५०१ (आई): हा आता सोफ्यावर उभा राहून ओरडतोय.

ए-३०२ सांस्कृतिक: प्रश्न सात बदलते. चेटकीण पण घालते त्यात. आणि 'बोक्या सातबंडे' कोणी लिहिला, हा आठवा. त्याचंही उत्तर तेच, पण कोणाला सांगू नका.

बी-२०३ काका: ताई, आपण ग्रुपवर आहोत. १४२ जणांनी वाचलं.

सी-१०४ आजोबा: नमस्कार. मी सहसा इथे लिहीत नाही, टाइप करायला वेळ लागतो. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' अल्फा मराठीवर २००१ साली सुरू झाली. त्यातले आबा रोज डायरी लिहायचे. मूळ सदरही प्रभावळकरांचंच, 'अनुदिनी'. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो, करायला काही नव्हतं. आमच्या सौभाग्यवतींनी रेघी वही आणून समोर ठेवली आणि म्हणाल्या, लिहा तुम्हीही, माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरू नका. तेव्हापासून लिहितो. मला नेहमी वाटायचं की आबा माझ्याहून मोठे आहेत. नंतर कळलं, त्या वेळी प्रभावळकर ५७चे. माझ्याहून धाकटे! आणि मी त्यांच्याकडे बघून म्हातारं व्हायला शिकत होतो.

बी-१०१ आजी: वहिनी किती हसायच्या त्या मालिकेला. भिंतीपलीकडे ऐकू यायचं.

सी-१०४ आजोबा: हो. आता या चर्चेवरून जुनी वही काढली. २००६ सालचं पान आहे. जसं आहे तसं उतरवतो.
"मुलाने सगळ्यांना मुन्नाभाईला नेले. चित्रपट बरा. मध्यंतरात सामोसे थंड. परतताना ही रिक्षात म्हणाली, ते गांधीजी कुठेतरी पाहिल्यासारखे वाटतात, आपल्या ओळखीतले कोणी आहेत का? मी म्हटले, अगं, आबा टिपरे. मग घरापर्यंत बोलली नाही. रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली, दर आठवड्याला जेवताना समोर असायचे आणि मी ओळखलं नाही हो."

ए-३०२ सांस्कृतिक: आजोबा...

ए-६०१ दादा: त्याच कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला ना त्यांना, आणि 'शेवरी'लाही. पण वहिनींचं हे वाक्य जास्त भारी आहे.

सेक्रेटरी: पाणी सोडले आहे. सुरुवातीचे पाणी गढूळ येईल, वाहू द्यावे.

डी-५०१ (धाकटा): आजोबा, मी उद्या वही बघायला येऊ? आणि टिपरे कुठे बघायला मिळेल?

सी-१०४ आजोबा: ये. पाचनंतर ये, आधी मी झोपतो. टिपरे तूच शोध, मला ते लावता येत नाही. आजचं पान लिहून ठेवलं आहे: "रविवार. टाकी धुतली. पाणी सहा चाळीसला, गढूळ. ग्रुपवर टिपऱ्यांचा विषय निघाला. उद्या पाच वाजता डी-५०१चा मुलगा येणार. खाऊ काय द्यावा? लाडू संपलेत."

बी-१०१ आजी: लाडू मी आणते.